झालेली आणि राहिलेली

काष्टी, १७ फेब्रुवारी १९४१

खानेसुमारीचं काम सरकारने शाळामास्तरांच्या गळ्यात घातलं आहे. दुपारनंतर शाळा बंद आणि मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन गल्लोगल्ली. या खेपेला एक नवा प्रश्न आहे. लग्न झालेल्या बाईला मुलं किती झाली आणि त्यांतली हयात किती? परक्या बायकांना हे विचारायचं म्हणजे जीभ अडखळते. मी जमिनीकडे बघत विचारतो.

आज ओढ्याकाठी राहीबाईच्या घरी गेलो. नवरा वारला आहे. मुलगा गोरक्षनाथ शेती बघतो. म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती. विचारलं, "मुलं किती?"

तिने सूप थांबवलं. "झालेली का ऱ्हायलेली?"

"दोन्ही सांगा."

"झाली अकरा. ऱ्हायली तीन. ह्यो गोरख आन् दोन लेकी, त्या नांदत्यात." आणि पुन्हा पाखडायला लागली, जणू मी पावसापाण्याचं विचारलं होतं.

सून भागूबाई दाराआड उभी होती. विशीबाविशीची असेल, पोटुशी. तिचंही सासूनेच सांगितलं. "चार झाली. एक बी न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पावणे म्हनत्यात, गोरखला दुसरी बगा. मी म्हनलं, ह्ये एक बगू."

घरी येऊन आमची स्वतःची चिठ्ठी भरली. रेबेका, वय सव्वीस, झालेली एक, हयात एक. आमची कृपा सहा वर्षांची आहे आणि आत्ता माझ्या चष्म्याचं घर पळवून त्यात चिंचोके भरते आहे. प्रभूचे आभार मानले. पण ती सुपाची थांबलेली सळसळ कानातून जात नाही.


२३ फेब्रुवारी

या कामातून एक मोठा विचार हाती लागला आहे. शेतकरी वस्तीत दर घरी आठ, दहा, बारा बाळंतपणं. उलट नगरला नि भिंगारला आमचे शिकलेले लोक आहेत, मास्तर, कारकून, पाळक, त्यांच्या घरी तीन किंवा चार. मुंबईहून येणाऱ्या एका मासिकात मी वाचलं होतं की सुधारलेल्या माणसाची शक्ती मेंदूकडे वळते आणि त्यामुळे संतती आपोआप कमी होते. आमच्याच घरचं उदाहरण घ्या. रेबेकाने नगरच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेतलं, अजून पुस्तकं वाचते. माझाही मेंदू काही कमी शिणत नाही. म्हणून कृपानंतर पाळणा हलला नाही. मला अजून एक-दोन हवी होती, हे इथे लिहायला हरकत नाही. पण सुधारणेची किंमत द्यावीच लागते.

शिक्षकांच्या नगरच्या मेळाव्यात 'सुधारणा आणि संतती' असा निबंध वाचायचं ठरवलं आहे. रेबेका भाकऱ्या थापत होती, तिला सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे राहीबाई डोक्याने काम करत नाही?"

"तसं नव्हे. पण शेतातलं काम हे अंगमेहनतीचं."

"अकरा पोरं, सहा जनावरं, एक नवरा आणि दुष्काळ. हे तिने अंगाने सांभाळलं?"

मी म्हणालो, अपवाद असतात. ती हसली. भाकरी उलटली आणि म्हणाली, "लिहा तुम्ही. अक्षर छान आहे तुमचं." मला वाटतं तिला बरंचसं पटलं.


९ मार्च

रेबेकाच्या डोक्यात नवीनच आलं आहे. इथे बाळंतपणाची खोली काढायची. मिशनचे साहेब औषधं देतो म्हणाले, जागा मात्र आपण बघायची. तिने जागा निवडली ती नेमकी राहीबाईच्या घराला लागून असलेली चाऱ्याची खोली. मी म्हटलं, म्हातारी देणार नाही. आपण ख्रिस्ती, पूर्वीचे कोण ते तिला ठाऊक आहे.

आज तिच्याबरोबर गेलो. राहीबाई तोंडावर म्हणाली, "तुज्या हातचं पानी मी प्यायची न्हाई, आदीच सांगते."

रेबेका म्हणाली, "मी तुमच्या हातचं पिते की. द्या, ऊन लागलंय."

म्हातारीने वरून ओतलं, हिने ओंजळीने प्यायलं. मला अपमान वाटला. रेबेका पदराने तोंड पुसून निवांत ओट्याखाली बसली. भागूबाईची मुलं कशी गेली ते विचारत राहिली. चारही चांगली रडत जन्मली. पाचवीनंतर कधीतरी दूध ओढेनाशी झाली, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि गेली. राहीबाईच्या म्हणण्याप्रमाणे सटवाई नेते.

मी सांगायला तोंड उघडणार होतो की सटवाई वगैरे काही नसतं, तो धनुर्वात. रेबेकाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "आजी, सटवाईची पूजा तुम्ही करा. मी आड येणार नाही. नाळ कापायचा विळा मात्र मला उकळून द्यायचा. आणि कापल्या जागी राख न्हाई, माझं कापड."

म्हातारीने हातातला तांब्या खाली ठेवला. "सटवीला राग आला तर?"

"माझ्यावर येऊ द्या. मी तशीही तुमच्यातली न्हाई."

परत येताना मी म्हणालो, तू त्या अंधश्रद्धेला हात का लावला नाहीस? ती म्हणाली, "मला त्या बाईचं पोर हवंय. तिची सटवाई नकोय." तिचं बोलणं कधीकधी मला नीट पोचत नाही.


२९ एप्रिल

आज सकाळी गोरक्षनाथ धावत शाळेत आला. "बाईला म्हनावं चला." मुलांना सोडून दिलं आणि मीही गेलो.

ऊन भाजत होतं. मी आणि गोरक्षनाथ लिंबाखाली बसलो. आतून भागूबाईचा आवाज, मग रेबेकाचा, शाळेत मी मुलांना कवायत सांगतो तसा ठाम. "अजून न्हाई. श्वास घे. आता." घरात पाणी उकळत ठेवलं होतं, त्यात विळा खडखडत होता. गोरक्षनाथ हातातल्या काडीने जमिनीवर रेघा ओढत होता. एकदाच म्हणाला, "मास्तर, चार येळा हितंच बसलोय मी."

मग आतला आवाज थांबला. आणि बाळाचाही आवाज नाही. गोरक्षनाथने काडी मोडली.

पुढचं मला रेबेकाने नव्हे, राहीबाईने सांगितलं. पोर निळं पडलं होतं. गळ्याला नाळेचा वेढा. रेबेकाने वेढा काढला, बोट घालून तोंड साफ केलं, आपलं तोंड त्याच्या तोंडाला लावून फुंकर घातली. पुन्हा. पुन्हा. राहीबाई म्हणाली, "मी म्हनलं आता सोड पोरी. तर तिनं माज्याकडं बगितलं बी न्हाई."

आम्हाला बाहेर ऐकू आलं ते मांजराच्या पिलासारखं. मग मोठं. गोरक्षनाथ उभा राहिला आणि तोंड झाडाकडे करून उभाच राहिला.

मुलगा. रेबेका बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत हात रक्ताने भरलेले, केस सुटलेले. लग्नात भरजरी साडीत पाहिली होती तिला मी. त्या दिवशी इतकी सुंदर दिसली नव्हती. हे तिला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितो.


१२ मे

पाचवी झाली. त्यानंतरचे दिवस सगळ्या वस्तीने श्वास रोखून काढले. रेबेका रोज जाऊन नाळेवरचं कापड बदलत होती. आज बारसं झालं. पोरगा गच्च मुठी वळून दूध पितो. राहीबाईने चाऱ्याच्या खोलीतली वैरण काढून भिंती सारवून घेतल्या. कोणी न सांगता.


६ नोव्हेंबर

खोली चालू होऊन सहा महिने होत आले. श्रीगोंद्याकडून बैलगाडीने बायका येतात. पावसाळ्यात दोन मुलं गेली, एक आई गेली. त्या दिवशी रेबेका जेवली नाही. पण बाकीची राहिली आहेत, आणि राहीबाई येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातून विळा काढून घेते आणि स्वतः उकळत्या पाण्यात टाकते. रेबेकाच्या हातचा चहा पिते आता. पहिल्यांदा प्यायली तेव्हा म्हणाली, "चा म्हंजे काय पानी न्हवं."

मेळाव्यात निबंध वाचायचा राहिला. तो अजून अपुरा वाटतो.


१८ जानेवारी १९४२

गहिनीनाथ पाटील संध्याकाळी पडवीत येऊन बसले. भला माणूस, पण काळजी पोसायची सवय.

"मास्तर, तुमच्या बाईनं मरान थांबिवलं. लई चांगलं. पर एक सांगा. माज्या बापाला आठ झाली, आमी दोघं उरलो. दोघांत रान वाटलं. आता माज्या सहाच्या सहा ऱ्हायली तर?"

माझ्या निबंधात हे कुठेच नव्हतं. सुधारणा संतती कमी करते असं मी लिहून बसलो होतो, आणि इथे सुधारणा आली ती एका उकळलेल्या विळ्याच्या रूपाने आणि तिने पोरं वाढवली. पाच-सहा वर्षांनी शाळेत बसायला जागा पुरायची नाही.

पाटील गेल्यावर रेबेकाला म्हणालो, हे असंच चालू राहिलं तर देशाचं काय होईल?

ती कृपाची वेणी घालत होती. "तुम्ही कधी एखादीला विचारलंत का, तिला किती हवी होती?"

"असा प्रश्न खानेसुमारीत नव्हता."

"तेच म्हणते," ती म्हणाली.


२४ सप्टेंबर १९४२

भागूबाईला मुलगी झाली. धडधाकट. इकडे देशभर धरपकडी चालू आहेत, नगरच्या किल्ल्याभोवती पहारे आहेत, आणि राहीबाईच्या अंगणात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा वास. दोन्ही खरं आहे.

भागूबाई फार उतरली आहे. थोरला चालायला लागतो न लागतो तो धाकटी. रेबेका तिच्याजवळ बराच वेळ हळू आवाजात बोलत बसली होती. मी जवळ गेलो तर दोघी गप्प झाल्या.


१४ मार्च १९४३

काष्टीच्या बायकांत पाठदुखी फार पसरली आहे. बाजाराच्या दिवशी पाच-सहाजणी तरी खोलीवर येतात. रेबेका त्यांना लिंबोळीच्या तेलाची लहान बाटली आणि दोरा बांधलेले कापसाचे बोळे देते. भागूबाई न चुकता येते. मी म्हणालो, तेल चोळायला बोळे कशाला, हाताने चोळलं तर जास्त मुरतं. रेबेका म्हणाली, "बोळ्याने नेमकं लागतं." वैद्यकातलं मला काय कळणार.

त्या तेलाचा उग्र वास आमच्या घरातही येतो. दिवसभर तेच हाताळते, तेव्हा येणारच.


३ जुलै १९४४

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही.

गोरक्षनाथ शाळेत आला. मुलांसमोरच म्हणाला, "मास्तर, तुमची बाई आमच्या बाईला काय देती?"

"पाठीला तेल," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. आधी रागाने, मग वेगळ्याच नजरेने. आवाज उतरला त्याचा. "मास्तर... तुमाला बी ठावं न्हाई?"

मुलांना पाढे म्हणायला लावून त्याला बाहेर नेलं. धाकटी दोन वर्षांची होत आली तरी भागूबाईला दिवस गेले नाहीत. पाटलांच्या सुनेलाही नाहीत. गावात बोलतात की नर्सबाई कूस बांधते. काल त्याने भागूबाईला दरडावून विचारलं आणि तिने सांगितलं. पाटलांनी येत्या रविवारी चावडीवर बैठक बोलावली आहे. खोली बंद करायची म्हणतात.

तो गेला. मी व्हरांड्यात उभा होतो. आत मुलं एकोणीस, एकोणीस करत अडकली होती. आणि मला आमच्या घरातला तो वास आठवला.

घरी येऊन तिला विचारलं. ती खोटं बोलली नाही. "हो," म्हणाली. "कृपा झाली तेव्हापासून."

मेंदूची शक्ती! दहा जणांना मी ते सांगितलं आहे.


६ जुलै

तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती रोजच्यासारखी डबा भरते, खोलीवर जाते. निपुत्रिक असतो तर एकवेळ दैव म्हणालो असतो. पण माझ्या घरात, माझ्या बाबतीत, मला न विचारता? मी काय मारका नवरा आहे? हेच सारखं मनात येत होतं.

आज दुपारी तीच माझ्यासमोर येऊन बसली.

"माझी आई कशाने गेली, तुम्हाला ठाऊक आहे?"

"तापाने. तूच सांगितलंस."

"बाळंतज्वराने. आठव्या खेपेला. मी अकरा वर्षांची होते. भिंगारच्या त्या दोन खोल्यांत बाबा देवदूतासारखे वागत आईशी. कधी आवाज चढवला नाही. दर वर्षी पाळणा हलला की म्हणत, प्रभूची देणगी. आई मला म्हणाली होती, रेबेका, तुझ्या बाबांना काही म्हणू नकोस, ते फार चांगले आहेत. मग मी धाकट्यांना वाढवलं. शेवटचा माझ्या मांडीवर गेला."

माझे सासरे मोझेस खरंच फार चांगले होते. मी नेहमी त्यांच्यासारखं व्हावं असं मनात धरत आलो.

"तुम्हीही चांगले आहात," ती म्हणाली. "म्हणून विचारायची भीती वाटली. तुम्ही नको म्हणाला असता तर तुमच्यावर रागावताही आलं नसतं."

ताप कसला, हे मी नऊ-दहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.


९ जुलै, रविवार

उपासना आटोपून चावडीवर गेलो. रेबेका बरोबर होती. कृपाला शेजारी ठेवलं. पुरुष खाली बसलेले, बायका लांब पाराच्या पलीकडे. पाटील मधे.

पाटील म्हणाले, "बाई, तुमी पोरं जगिवली, गाव इसरनार न्हाई. पर ह्ये पोरं येऊच द्यायची न्हाईत, ह्ये आमाला मंजूर न्हाई. आन् तेबी घरधन्याला न इचारता. खोली बंद करा, मिशनला आमी कळिवतो."

रेबेका म्हणाली, "मी कुणाची कूस बांधली नाही. ज्यांनी मागितलं त्यांना दिलं. सोडलं की पुन्हा दिवस जातात." बस एवढंच. आवाज कापत नव्हता, पण तिने हात पदरात घट्ट धरले होते. ते फक्त मला दिसलं.

गोरक्षनाथ उठला. "मला का इचारलं न्हाई? माजं घर हाय ते."

काय झालं मला ठाऊक नाही, मी उभा राहिलो. मी काही वक्ता नाही. वर्गातही खडू हातात नसला की अडखळतो.

"गोरखराव," मी म्हणालो, "मलाही विचारलं नव्हतं. नऊ वर्षं. तेच तेल, माझ्याच घरात. वास येत होता आणि मी पाठदुखी समजत होतो."

मग मागून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळी चावडी. माझे कान तापले. हसू ओसरेपर्यंत थांबलो. "मला राग आला. तीन दिवस बोललो नाही. मग कळलं की ती मला भीत होती. मी तिला कधी बोटही लावलं नाही, तरी भीत होती. मला तो राग आता कुणावर काढावा कळत नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा."

गोरक्षनाथ खाली बसला. पण पाटील मान हलवत होते, "तुमचं तुमच्यापाशी मास्तर, गावाचा इचार येगळा."

तेव्हा पारापलीकडून राहीबाई आली. चावडीच्या पायरीवर बायका चढत नाहीत. ती चढली नाही. खाली उभी राहिली.

"पाटील, माजी आठ पोरं वड्याच्या काठी पुरलीत. तुमाला जागा ठावं हाय, दोन तुमीच पुरलीत. तवा कुनी बैठक बोलिवली न्हाई."

पाटलांची हलणारी मान थांबली.

"अकरा झाली म्हून कुनी मला शानी म्हनलं न्हाई. तीन ऱ्हायली म्हून कुनी रडलं बी न्हाई. मीच रडायची, पान्याला जाताना. आता ह्या पोरीनं माजी दोन नातवंडं राखली. सून माजी उभी हाय, तिच्या अंगावर मास हाय. दोन जगली म्हून ती म्हनती, जरा दम खाते. त्यात तुमचं काय गेलं?" मग गोरक्षनाथकडे वळून, "आन् तू. तुला इचारायचं व्हय? तुज्या बाला मी अकरा येळा पुरे का म्हून इचारलं नसंल का?"

ती वळली आणि चालू लागली. तिच्यामागून भागूबाई गेली. मग एकेक करून बायका. पाटलांची सून सगळ्यांत शेवटी गेली, पण गेली.

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बैठक कुणी संपवली नाही, ती आपली उठून गेली. खोली बंद करा असं पुन्हा कोणी म्हणालं नाही.

घरी येताना रेबेका म्हणाली, "पाठदुखी सांगायची काही गरज होती का?" आणि ओढ्याच्या पुलावर उभी राहून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग नुसतंच पाणी राहिलं. मी तिचा हात धरला. भर दिवसा, रस्त्यात. समोरून मेंढरं येत होती.


२२ ऑक्टोबर १९४४

सगळं गोड झालं असं नाही. तीन-चार घरांनी बायकांना खोलीवर जायला बंदी केली. त्यांच्या बायका आता भाजी-माळव्याच्या पाटीखाली बाटली नेतात. गोरक्षनाथ तीन महिने माझ्याशी बोलला नाही. परवा आला, वावरातली चार कणसं ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तुमी त्या दिवशी लई हसू करून घेतलं." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "माज्यानं झालं नसतं." आणि बसला.

निबंध आज चुलीत घालायला काढला. रेबेकाने हातातून घेतला. लढाईमुळे कागद कुठे मिळतो? मागची बाजू कोरी होती. कृपा त्यावर त्रैराशिकं करते आहे.


३ जून १९४५

युरोपातली लढाई संपली. शाळेत मुलं दाटीवाटीने बसतात, पहिलीचा वर्ग लिंबाखाली भरवतो. आणि गेल्या चार वर्षांतली राहिलेली पोरं तर अजून शाळेच्या वयाचीही नाहीत. पाटलांची काळजी खोटी नव्हती. मला जे दिसतं ते असं: आधी मरण मागे सरतं. आईला भरवसा यायला मात्र वेळ लागतो. एक जगलं म्हणून ती विश्वास ठेवत नाही, दोन जगली की जरा ठेवते, आणि मग स्वतःच म्हणते, पुरे. मधल्या काळात गाव भरून वाहतं. पण थांबवायचं ते त्या बाईच्या हाताने थांबतं. मी सुधारणा सुधारणा म्हणत होतो, ती आगगाडीसारखी बाहेरून येते असं समजत होतो.

रेबेकाने काल मला विचारलं, अजून एक हवं का? मी म्हणालो, तुला? ती म्हणाली, तुम्हाला विचारते आहे. मी म्हणालो, विचार करून सांगतो. विचार काय करायचा होता! पण कोणी विचारलं की माणसाने लगेच हो म्हणू नये. सकाळी हो म्हणालो.


२० जानेवारी १९४६

आज भागूबाईच्या नव्या लेकीचं बारसं होतं. सव्वातीन वर्षांनी पाळणा हलला. गोरक्षनाथ आमंत्रण द्यायला आला तेव्हा छाती काढून म्हणाला, "ह्या टायमाला आमी दोघांनी ठरिवलं." रेबेकाला सातवा महिना आहे, तरी तिनेच बाळंतपण केलं. मी नको म्हणत होतो.

राहीबाईने मला पुढे बोलावलं. "मास्तर, नाव सांगा."

मला नवल वाटलं. तिच्या घरी नावं कशी ठेवतात ते मला ठाऊक आहे. थोरला नातू दगडू, नात धोंडी. तिच्या स्वतःच्या मुलांत एक केरू होता, एक उकिर्डा, असं तिने मला एकदा सांगितलं. मरणाला वाटावं, हे काय टाकाऊच आहे, नेऊन काय करायचं. गोरक्षनाथाचं तेवढं देवाला बोललेलं नाव, तेही वर्षभर कुणी तोंडाने घेतलं नव्हतं.

मी म्हणालो, "कसं नाव हवं? साधंच ना?"

"साधं कशाला?" राहीबाई म्हणाली. "तुमच्या बुकातलं सांगा. चांगलं, लांबलचक."

मी दोन-तीन सांगितली. सुलोचना. मंदाकिनी. हेमलता. म्हातारीने एकेक तोंडात घोळवून पाहिलं. मंदाकिनीवर दात नसल्यामुळे अडली, पुन्हा म्हणाली, आणि तेच धरून बसली. गोरक्षनाथच्या बहिणीने ते बाळाच्या कानात हळूच सांगितलं, रीत आहे तशी.

"तसं न्हाई," राहीबाई म्हणाली. तिने नातीला उचललं, दाराबाहेर अंगणात आली आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिकडे त्या उंचवट्यावर बाभळी आहेत. तिथे काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांचं गाणं थांबलं.

म्हातारीने पोरीला दोन्ही हातांनी वर धरलं आणि रानात गुराख्याला हाक घालावी तसं मोठ्यानं ओरडली, "मं-दा-कि-नी!"

मग ऐकत उभी राहिली. कुठूनच काही उत्तर आलं नाही. पोरगी मात्र दचकून जागी झाली आणि जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना.